तेज आलंय म्हणतात

माय, तुझं नाव या घरात काढायचं नाही, असं गेल्या दीड महिन्यापासून ठरलं आहे. ठरवलं तुझ्या नणंदेने. माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी कडोदऱ्याहून घरी आली, त्या दिवशी गल्लीत रिक्षा थांबल्याचा आवाज ऐकताच आत्याने तुझा फोटो भिंतीवरून उतरवला, पदराने पुसला आणि माझ्या कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला. "पोटुशीना म्होरे तिन्हं नाव काढू नको व बाई," एवढंच म्हणाली. बाळंतपणात गेलेल्या बाईचं नाव गरोदर बाईसमोर घेतलं की गेलेली बाई घराचं दार ओळखून परत येते, असं आपल्याकडे मानतात. मी चाळिशी ओलांडलेली बाई, बालवाडीत शिकवते, लोकांना लसीकरणाचे दिवस सांगते. तरी मी आत्याला हसले नाही. फोटोच्या जागी भिंतीवर एक फिकट चौकोन राहिला आहे आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाची नजर तिथे जाते. लेकीचीही गेली. "मम्मी, नानीचा फोटो?" तिनं विचारलं. काच बदलायला दिलाय, असं मी सांगितलं.

बोलायचं नाही असं ठरलंय, लिहायचं नाही असं कुणी म्हटलेलं नाही. म्हणून लिहिते. दुपार आहे. लेक आतल्या खोलीत डाव्या कुशीवर झोपली आहे. आठवा महिना लागून बावीस दिवस झाले. गल्लीच्या टोकाला कापडाचे लूम चालू आहेत, त्यांचा आवाज तुझ्या वेळेला होता तसाच आहे, फक्त आता घरात पंखा आणि फ्रिजही त्यात मिसळतात. मी दर थोड्या वेळाने उठते, दारात उभी राहून तिचा श्वास बघते आणि परत येऊन बसते.

तुला आधी तिच्या डोहाळेजेवणाचं सांगते, कारण माझी भीती तिथून सुरू झाली. सातव्या महिन्यात तिच्या सासरी कडोदऱ्याला कार्यक्रम केला. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा भाड्याने आणलेला. तिची सासू मनाने चांगली बाई आहे, बीडकडची. तिनं पाच भाज्या केल्या होत्या, पुरणपोळी केली होती, आणि लेकीला पहिल्या महिन्यापासून खावासा वाटणारा लोचोसुद्धा, तो वाफवलेला मऊ डाळीचा पदार्थ, आपल्या सुरतेहून मागवला होता. लेकीने सगळ्यातलं चिमूटभर खाल्लं. ओटी भरायला आलेली प्रत्येक बाई तिची हनुवटी धरून तेच बोलत होती. "काय तेज आलंय बाई." "रंग बघा कसा उजळला, मुलगी होणार." तिची सासू हसून म्हणाली, "आली तेव्हा सावळी होती हो, आमच्या घरचं पाणी लागलं." सगळ्या हसल्या. लेकही हसली. मी तिच्याकडे पाहिलं. तो रंग मी आधी एकदा पाहिला होता.

तुझ्या चेहऱ्यावर पाहिला होता, माय. मी अकरा वर्षांची होते. तू खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, बॉबिन भरायला जायचीस. पत्र्याखाली चाळीसेक लूम, एका कोपऱ्यात बॉबिनची मशीनं, आणि तिथे ओळीने बसलेल्या तुम्ही पाच-सहा बायका. त्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही म्हणून तुम्ही हातांनी आणि भुवयांनी बोलायचात. मी महापालिकेच्या मराठी शाळेतून सुटले की दप्तरासकट तिथेच यायचे. तुझ्या केसांवर सूत बसलेलं असायचं. त्या वर्षी उन्हाळ्यापासून तू हळूहळू गोरी होत गेलीस. आधी ओठ, मग गाल, मग तळहात. तुझ्या बाजूला बसणारी अमळनेरची मावशी माझ्याकडे बघून स्वतःच्या गालावरून हात फिरवायची आणि तुझ्याकडे बोट करायची, म्हणजे बघ तुझी आई किती सुंदर दिसतेय. मला फार अभिमान वाटायचा. शाळेत एका मुलीला मी सांगितलंही होतं की माझी माय आता शहरातल्या बाईसारखी दिसते.

तू कच्चे तांदूळ खायचीस. सुपात निवडायला घेतलेले तांदूळ मूठ-मूठ तोंडात टाकायचीस आणि मी पाहिलं की लाजायचीस. चार पायऱ्या चढलीस की भिंतीला हात लावून थांबायचीस. हे सगळं मला दिसत होतं. अकरा वर्षांच्या मुलीला सगळं दिसतं, फक्त कशाला काय म्हणतात ते माहीत नसतं.

आणि तू निष्काळजी नव्हतीस, तरी असं का झालं, हेच तर मला इतकी वर्षं कळत नव्हतं. सरकारी नर्सबाई महिन्यातून एकदा गल्लीत यायची, लाल गोळ्या वाटायची. बाकीच्या बायका त्या घ्यायच्या नाहीत. कुणी गटारात टाकायच्या, कुणी पिठाच्या डब्यामागे ठेवायच्या. अमळनेरच्या मावशीने तुला सुट्टीत म्हटलेलं मला आठवतं, "त्या गोया खाशी तं पोऱ्या काया निंघी." पोर काळं निघेल म्हणे. तू तोंडाला पदर लावून हसलीस. म्हणालीस, "काया निंघो, पन निंघो तं खरा." सगळ्या बायका हसल्या. माझ्याआधी तुझी दोन पोरं पोटातच गेली होती, हे त्या हसण्याच्या मागे होतं, ते मला फार नंतर कळलं. तू एकही गोळी चुकवली नाहीस. गल्लीत एकटी तूच असशील तशी.

गोळी तू खात्यातच घ्यायचीस, साडेचारच्या चहाबरोबर. नर्सबाई म्हणाली होती, उपाशी पोटी घेऊ नका, मळमळेल. तुझ्या पोटात सकाळची अर्धी भाकरी असायची, तीही कधीच जिरलेली, आणि खात्यात दुसरं काही मिळायचं नाही. चहा मिळायचा. दिवसातून चार वेळा, दाट, गोड, उकळून काळा झालेला, भूक मारणारा. तो टपरीवरून आणायचं काम माझं. किटली एका हातात, दुसऱ्या हाताच्या मुठीत तुझी गोळी, कारण तू ती दप्तराच्या लहान कप्प्यात माझ्याकडे ठेवायला द्यायचीस म्हणजे हरवणार नाही. एकदा टपरी बंद होती. मी नळाचं पाणी आणलं आणि गोळी पुढे केली. तू माझ्यावर चिडलीस. तू क्वचित चिडायचीस म्हणून लक्षात आहे. "रिकामा पोटवर गोयी लेवानी नही, बाईनी सांगेल शे," म्हणालीस आणि मला पुढच्या नाक्यावरच्या टपरीवर पिटाळलंस. मी रडत गेले आणि चहा घेऊन आले.

आता माझी गोष्ट ऐक. लेक घरी आली, त्याआधीच तिचं रक्त कमी निघालं होतं. आरोग्य केंद्रातून गोळ्या मिळाल्या होत्या, रोज एक. सासरी ती कधी घ्यायची, कधी विसरायची. मी ठरवलं, माझ्या घरी एकही विसरायची नाही. माझ्या बालवाडीच्या भिंतीवर गरोदर बाईच्या ताटाचं चित्र आहे. डाळ, पालेभाजी, अंडं, दूध, गूळ-शेंगदाणे, पेरू. गेली किती वर्षं मी त्या चित्राखाली बसून पोरांना बडबडगीतं शिकवते. ते सगळं ताट मी घरी आणलं. बाजरीची भाकरी, मेथी, तांदुळजा, कळण्याची भाकरी आणि वर तेल. तिला ते नको असायचं. तिच्या मोबाइलमध्ये एक बाई रोज सांगते की गरोदरपणात काय खावं. "मम्मी, यात एवोकॅडो सांगितलाय," ती म्हणाली. मी विचारलं, ते काय असतं. "फळ आहे. लोण्यासारखं." मी म्हटलं, "मग लोणीच खा की." ती हसत हसत गुजरातीत म्हणाली, "तने कंई समज नथी पडती," तुला काही कळत नाही. असे आमचे दिवस चांगले चालले होते, माय. मला वाटत होतं, माझ्या हातात आहे.

रोज सकाळी आठला मी तिला उठवायचे, उशाशी बसायचे, दोन खारी बिस्किटं, एक गोळी आणि आल्याचा चहा. उपाशी पोटी गोळी नको म्हणून. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. हात आपोआप तसे चालत होते. संध्याकाळी दुधाबरोबर दुसरी गोळी, हाडांची. मी कॅलेंडरवर खूण करायचे, म्हणजे चुकायला नको. एकही चुकली नाही.

तीन आठवड्यांपूर्वी तपासणीला गेलो. रक्त वाढायच्या ऐवजी आणखी उतरलं होतं. साडेसातवर आलं होतं. तिथली नर्स, साधारण माझ्याच वयाची, वैतागलेली, तिनं लेकीची खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, "गोळी लो छो के फेंकी दो छो?" लेकीला राग आला. "रोज लऊं छुं. मम्मी पोते आपे छे."

"शेनी साथे?" कशाबरोबर, असं नर्सने विचारलं.

"चा साथे."

नर्सने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, मग हात हलवून म्हणाली, "तो बेन, ए बधी गटरमां गई." मग हिंदीत तिनं नीट सांगितलं की चहा लोहाला पोटात धरू देत नाही, दूधही नाही. गोळी जेवणानंतर तासाभराने, लिंबाच्या पाण्याबरोबर. चहा दोन तास आधीही नाही, नंतरही नाही. "किसी ने बताया नहीं?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, थकवा होता. बाहेर तीस बायका बसल्या होत्या आणि बहुतेकींच्या हातात चहाचे कागदी कप होते.

त्या बाकावर बसल्या बसल्या मला माझ्या मुठीतली ती गोळी जाणवली, घामाने ओली झालेली, तळहाताला लाल डाग लावणारी. सगळ्या गल्लीने गोळ्या टाकल्या आणि तू एकटीने घेतल्यास, आणि त्या टाकल्यासारख्याच झाल्या. इतकी वर्षं मी मनात म्हणत आले की नशीब. तुझ्या नशिबाला मी चहा नेऊन देत होते, हे मला त्या दिवशी कळलं. मला माहीत आहे, त्या एका चहाने सगळं झालं नाही. अर्धी भाकरी होती, बारा तासांचं काम होतं, तीन बाळंतपणं आधी झाली होती. हे मी दुसऱ्या कुणाला अगदी नीट समजावून सांगू शकते.

तुझा दिवस मी आजवर लिहिला नाही. थोडाच लिहिते. घरीच बाळंत झालीस. आत्या होती, गल्लीतली सुईण होती. मला शेजारच्या घरात बसवलं होतं आणि मी तिथे पाढे म्हणत होते, कारण पाढे म्हटले की बाहेरचं ऐकू येत नाही. बाळ रडल्याचा आवाज आला, अगदी बारीक. मग आत्या धावत बाहेर आली आणि रिक्षा रिक्षा म्हणून ओरडली, तिचे हात कोपरापर्यंत लाल होते. दुपारचे बारा वाजले होते. मी घरात गेले तेव्हा फरशी धुतलेली होती आणि अजून ओली होती. संध्याकाळी वडील दवाखान्यातून एकटेच परत आले. मुलगी होती. चौथ्या दिवशी तीही गेली. मी तिला एकदा मांडीवर घेतलं होतं. बायका म्हणत होत्या, किती गोरी आहे, मायवर गेली.

गेले तीन आठवडे घरात चहा नाही. आत्यासुद्धा शेजारी जाऊन पिऊन येते, आणि परत आली की चोरासारखी तोंड धुते. गोळी बंद करून डॉक्टरीणबाईंनी सलाइनमधून लोह द्यायला सुरुवात केली, एक दिवसाआड, पाच वेळा. ते झालं. लेक जेवते आता, पोटभर नाही पण जेवते. लोखंडी कढईत भाजी करते मी, वरून लिंबू पिळते. पण ती अजून बर्फ खाते. फ्रिजमधून ट्रे काढते आणि दाताखाली कडाकडा फोडत बसते, आणि मी बघितलं की लाजते. कालपासून तिच्या पावलांवर सूज आहे. पायऱ्या चढताना ती भिंतीला हात लावते. मी मागून चढते, दोन्ही हात अर्धे पुढे करून, तिच्या लक्षात येणार नाही असे.

परवा रिपोर्ट आहे. आणि इथे मला तुला खरं सांगायचंय ते येतं.

शेवटच्या सलाइनच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी एक कागद भरला. तरुण आहे, हिंदीत बोलते, खूप घाईत असते. म्हणाली, रिपोर्ट बरा आला तर बाळंतपण इथेच करू, घराजवळ. इथे रक्ताची सोय नाही. रिपोर्ट खाली आला तर मोठ्या दवाखान्यात पाठवीन, तिथे रक्त तयार ठेवतात. लेकीला इथेच हवं आहे, मोठ्या दवाखान्याची तिला धास्ती आहे. मग तिनं पेन उचलून विचारलं, "घर में किसी को डिलिव्हरी में ज़्यादा ब्लीडिंग हुआ था? माँ को, नानी को? हुआ हो तो बता दो, फिर रिपोर्ट कुछ भी आए, मैं सीधा वहीं भेजूँगी."

मी म्हटलं, "मला नाही झालं." ते खरं आहे.

"और नानी?"

लेक माझ्याकडे वळली. ती सहा वर्षांची असताना मी तिला सांगितलं होतं की नानी तापाने गेली. मुलीच्या जातीला लहानपणापासून ती भीती नको, असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "नानी तो बुखार से गई ना, मम्मी?"

मागे आत्या उभी होती. तिनं माझ्या पाठीला बोट लावलं, हळूच. मी म्हटलं, "हाँ. बुखार से." डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघ मारली आणि पान उलटलं.

त्या दिवसापासून मी स्वतःला सांगते आहे की आत्याने बोट लावलं म्हणून. रीत आहे म्हणून. पोटुशीसमोर नाव काढत नाहीत म्हणून. पण आत्याचं बोट पाठीला लागायच्या आधीच माझं उत्तर ठरलं होतं. मी नाव घेतलं असतं तर लेकीने पुढचं विचारलं असतं, कशी गेली, का गेली, गोळ्या नव्हत्या का तेव्हा. आणि कशाबरोबर घ्यायची हेही विचारलं असतं, आता तिला ते विचारायचं कळतं. आणि नानीला चहा आणून कोण द्यायचं, तेही. मग तिनं माझ्याकडे पाहिलं असतं. त्या एका नजरेला भिऊन मी त्या कागदावर खोटं लिहू दिलं.

आता माझ्या मनाची गंमत बघ, माय. सगळं गाव रिपोर्ट चांगला यावा म्हणून देवाला सांगतं आहे. तिच्या सासूने मंगळवार धरलेत. आणि मला चांगल्या रिपोर्टची जास्त भीती वाटते. वाईट आला तर ती रक्त असलेल्या दवाखान्यात जाईल. चांगला आला तर ती इथे, घराजवळ, चार खाटांच्या खोलीत झोपेल, जिथून रिक्षाच बोलवावी लागते, आणि तू कशी गेलीस ते त्या खोलीत एकट्या मला माहीत असेल. लेकीचा नवरा काल फोनवर म्हणाला, "मम्मी, तुम्ही आहात म्हणून मला टेन्शन नाही." मी हो म्हटलं.

कागद दुरुस्त करता येतो. परवा सकाळी जाऊन आत एकटीने सांगितलं तरी चालेल, लेकीला कळणारही नाही. हे मला पहिल्या दिवशीच सुचलं होतं. पण नंतर डॉक्टरीणबाई तिच्यासमोर काहीतरी बोलेलच. कुणीतरी बोलतंच. म्हणून तिला आधी माझ्याकडून कळायला हवं, आज, जागी झाल्यावर. त्यासाठी वाक्य जुळवायला मी हे पत्र घेऊन बसले होते. तुला लिहिता लिहिता ते जुळेल असं वाटलं. जुळलंही. "तुझी नानी तापाने गेली नाही." पाच शब्द आहेत.

लेक मघाशीच उठली. माझ्या लक्षात आलं नाही. दारात उभी होती, एक हात कमरेवर, केस मोकळे, उन्हाचा कवडसा तिच्या चेहऱ्यावर होता आणि त्या उजेडात तिचा कान आरपार दिसत होता, कागदासारखा. "कुणाला लिहितेस एवढं?" तिनं विचारलं.

मी पान पालथं घातलं आणि म्हणाले, बालवाडीचं काम आहे.